पासून–पर्यंत

१

सरकारी कार्यालयाची भिंत हा आपल्याकडे समीक्षेचा विषय कधी झाला नाही. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्रप्रदर्शनाचीही क्वचित होते. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, सातबाऱ्यावरच्या नावाच्या दुरुस्तीसाठी, रेशनकार्डासाठी माणूस ज्या भिंतीसमोर बाकावर तासन्‌तास बसून राहतो, ती भिंत कोणी वाचत नाही. खेड्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पाहिलेले एकमेव चित्रदालन हेच असते. तिथे कोणाला लावायचे, कोणाला किती उंचीवर लावायचे, कोणाला हार घालायचा आणि कोणाला काढून ठेवायचे, हे सारे निर्णय कोणी तरी घेतलेले असतात आणि त्यांतून सत्तेची एक कथा सांगितली जात असते.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या कार्यालयांत कामानिमित्त माझे बरेच जाणे-येणे झाले. बसून राहण्याचा वेळ भरपूर मिळाला, तेव्हा भिंती पाहण्याची सवय लागली. त्या सवयीतून एक प्रश्न पुढे आला आणि या लेखाचा विषय तोच आहे : ज्याला नामुष्कीने पद सोडावे लागले, त्याच्या अधिकृत तसबिरीचे काय करायचे? काढली तर भिंतीवर खिळा उरतो आणि रंग न उडालेला एक चौकोन उरतो. येणारा-जाणारा त्या चौकोनाकडेच आधी पाहतो. ठेवली तर समारंभाच्या दिवशी तिला हार घालायचा की नाही, यावर शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची पंचाईत. मग मधला मार्ग निघतो. रंगकामाच्या निमित्ताने सगळ्या तसबिरी उतरवल्या जातात आणि पुन्हा लावताना एक कमी लागते. ती कपाटावर, भिंतीकडे तोंड करून, धूळ खात उभी राहते.

हे अवघडलेपण त्या माणसाच्या कर्मामुळे येते, असा सर्वसाधारण समज आहे. मला ते भिंतीच्या रचनेमुळे येते असे वाटते. सन्मानाची जागा आणि नोंदीची जागा यांत आपण फरकच ठेवलेला नाही. एकाच चौकटीकडून आपण दोन्ही कामे करून घेतो आणि माणूस डागाळला की चौकट अडचणीत येते.

२

थोडे बारकाईने पाहिले तर कार्यालयात तीन भिंती असतात. पहिली राष्ट्रपुरुषांची. तिथे जयंती-पुण्यतिथीला टेबल मांडले जाते, प्रतिमापूजन होते, हार, फूल, उदबत्ती, छायाचित्र, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक अंकात बातमी. दुसरी भिंत चालू सत्तेची. आज खुर्चीवर कोण आहे, हे ती सांगते. ती सर्वांत अस्थिर. निवडणूक झाली की बदलते. तिसरी भिंत बहुधा अधिकाऱ्याच्या खुर्चीमागे किंवा दाराजवळ असते. तिच्यावर तसबीर नसते, फळा असतो. काळ्या किंवा हिरव्या पाट्यावर पेंटरने पांढऱ्या रंगात रकाने आखलेले : अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत. शेवटच्या नावापुढचा ‘पर्यंत’चा रकाना रिकामा. तहसील कार्यालयात हा फळा असतो, पोलीस ठाण्यात असतो, शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीतही असतो.

पहिल्या दोन भिंतींविषयी आपण भांडतो. तिसरीविषयी कधी कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही. त्या फळ्यावर लाचखोरीत सापडलेला असतो, निलंबित झालेला असतो, लोकांनी वाजतगाजत निरोप दिलेलाही असतो. सगळ्यांना अक्षराची उंची सारखीच. फळा कोणाचा गौरव करत नाही आणि म्हणून कोणाला पुसायची वेळही त्याच्यावर येत नाही.

तसबिरीचे तसे नाही. शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ केवळ चित्र असा होता. मराठी घरात आल्यावर त्याला देव्हाऱ्याचा वास लागला. आपल्याकडे भिंतीवर लागतात ते देव, देवमाणसे आणि घरातली गेलेली माणसे. ‘त्यांचा फोटो लागला’ या वाक्याचा एकच अर्थ होतो. जिवंत माणसाच्या तसबिरीला चुकून हार घातला गेला तर घरातली म्हातारी माणसे अस्वस्थ होतात. ज्या समाजात भिंतीवरच्या चौकटीला कुंकू लागते, तिथे ‘ही फक्त नोंद आहे, हा सन्मान नव्हे’ असे म्हणून तैलचित्र लावता येत नाही. पाहणाऱ्याचा हात आपसूक जोडला जातो. जोडला गेला नाही, तर तो न जोडणे हीसुद्धा एक कृती ठरते.

तैलचित्राची शैलीही याला हातभार लावते. अधिकृत तसबिरीचे संकेत ठरलेले आहेत : किंचित वळलेला चेहरा, दूरवर पाहणारी नजर, खुर्चीचा कोरीव हात, मागे गडद पडदा. चित्रात कोणतीही घटना नसते, कोणतीही तारीख नसते. माणूस काहीही करत नसतो, फक्त असतो. चरित्रातून काळ काढून टाकला की जे उरते ते तैलचित्र. चौकटींचा आकारही सारखाच. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांचे उदाहरण घ्या. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते. त्यांच्या आधी पी. के. सावंत यांनी १९६३ मध्येच जेमतेम दहा दिवस हंगामी कारभार पाहिला. दोघांची चित्रे शेजारी लावली तर हा फरक कोणत्याही चित्रकाराला दाखवता येणार नाही. फळ्यावर तो दोन रकान्यांत दिसतो.

निवडणूक आयोगाला मात्र या तीन भिंतींतला फरक कळलेला आहे. आचारसंहिता लागली की मतदारांवर प्रभाव पाडू शकतील अशा पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे सरकारी जागेतून काढावी लागतात. राष्ट्रपुरुष, कवी, ऐतिहासिक व्यक्ती, राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या प्रतिमांना हात लावायचा नसतो. त्या दिवसांत आपल्या गावांतल्या कोनशिलांवर कागद चिकटवलेले आणि फलकांवर कापड बांधलेले सर्वांनी पाहिले आहे. २०१२ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशात मायावतींच्या पुतळ्यांबरोबर उद्यानांतले दगडी हत्तीदेखील झाकले गेले. झाकलेला हत्ती उघड्या हत्तीपेक्षा अधिक ठळक दिसत होता. लपवण्यातून दाखवणे कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

३

आमच्या भागाला हा प्रश्न नवा नाही. शिरूर घोडनदीच्या काठी. जुन्या माणसांच्या तोंडी गावाचे नावही घोडनदीच. नोव्हेंबर १७६२ मध्ये या नदीच्या काठी, आणि त्यानंतर काही दिवसांतच आलेगावला, पेशव्यांच्याच दोन फौजा एकमेकींवर चालून गेल्या. एका बाजूला सतरा वर्षांचे माधवराव पेशवे, दुसऱ्या बाजूला त्यांचे चुलते रघुनाथराव. घरातली फूट शत्रूच्या कामी येईल हे ओळखून माधवराव चुलत्याच्या स्वाधीन झाले. पुढे त्यांनी कारभार हाती घेतला, चुलत्याला नजरकैदेतही ठेवले. १७७२ मध्ये माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणरावाचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला आणि रघुनाथराव पेशवे झाले.

त्यानंतरची हकीकत शाळेतल्या मुलालाही माहीत असते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोष थेट रघुनाथरावांच्या पदरात घातला, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. बारभाईंनी कारभार हाती घेतला. १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावाला चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला आणि १७८३ मध्ये कोपरगावी वारले.

आता पेशव्यांची यादी करायला बसा. बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव, नानासाहेब, माधवराव, नारायणराव, आणि मग? काही याद्या रघुनाथरावांना क्रमांक देतात. काही त्यांना कंसात घालतात. काही नारायणरावावरून थेट सवाई माधवरावावर उडी मारतात. कंस हा छापील पुस्तकातला कपाटावरचा फोटोच आहे : आहे म्हणायला आहे, पण भिंतीकडे तोंड करून. पदावर ते होते, वस्त्रे त्यांना मिळाली होती, त्यांच्या नावाने कारभार चालला होता. यादीने त्यांना वगळण्याचे कारण एकच, की यादी आपल्याला गौरवाची वाटते. ती नोंदीची वाटली असती तर कंसाची गरज पडली नसती.

याहून गमतीची गोष्ट मराठी भाषेने केली आहे. १७५८ मध्ये मराठी फौजा पंजाबात शिरल्या, लाहोर घेतले, त्या मोहिमेचे नेतृत्व रघुनाथरावांकडे होते. त्यावरून ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा वाक्प्रचार आला. नातू परदेशात नोकरीला लागला की आजोबा तो वापरतात. संघ बाहेरच्या राज्यात जिंकला की वर्तमानपत्राचा मथळा होतो. दुसरा वाक्प्रचार ‘ध चा मा करणे’. कागदातली खाडाखोड, तोंडी निरोपातली लबाडी, तलाठ्याच्या नोंदीतला फेरफार, सगळ्याला तो लागू पडतो. दोन्ही वाक्प्रचार एकाच माणसाच्या घरातून आलेले आहेत आणि बोलणाऱ्याला त्याची आठवणही नसते. भाषेने एकाच माणसाची दोन चित्रे दोन वेगळ्या खोल्यांत लावली आणि दोन्हींखालचे नाव पुसून टाकले.

शिवाय दुसऱ्या खोलीतले चित्र मुळात त्याचे ठेवलेच नाही. ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले असे विचारले तर कोणीही आनंदीबाईंचे नाव घेईल. या कथेला समकालीन कागदाचा भक्कम आधार नाही. पण कर्तबगार पुरुषाच्या तसबिरीवरचा डाग पुसायला त्याच्या बायकोचा पदर सहज हाती लागला. नामुष्की झालेल्या सत्ताधाऱ्याची तसबीर भिंतीवर टिकवायची असेल तर दोष शेजारच्या कोणाच्या तरी माथी सरकवणे, ही युक्ती त्यानंतर अनेकांच्या कामी आली आहे. कारकून, सचिव, नातेवाईक, ‘भोवतालची माणसे’ : अवतार बदलत गेले.

४

विसाव्या शतकात यायचे तर बॅ. अ. र. अंतुले यांच्यापाशी थांबावे लागेल. साहित्याच्या वाचकाने तर विशेषच, कारण त्या प्रकरणात आपले म्हणजे लेखक-कलावंतांचे नाव वापरले गेले होते. जून १९८० मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा न्यास स्थापन झाला. हेतू साहित्यिक-कलावंतांना साह्य करण्याचा. त्या काळी सिमेंट टंचाईचे आणि नियंत्रणाखालचे होते. सिमेंटचे वाटप आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध ऑगस्ट १९८१ मध्ये इंडियन एक्स्प्रेसमधून अरुण शौरी यांनी उघड केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल प्रतिकूल गेला आणि अंतुले पायउतार झाले. मुख्यमंत्रिपदाचा काळ सुमारे एकोणीस महिन्यांचा.

आता त्याच एकोणीस महिन्यांतली दुसरी बाजू. कुलाबा जिल्ह्याचे रायगड झाले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे अस्तित्वात आले. आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. आमच्या तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात आज ज्या विधवा, ज्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या कागदांची पिशवी छातीशी धरून बसतात, त्यांतल्या कित्येकींचे काम याच योजनेचे असते. त्या ‘संजय गांधीचे पैसे’ म्हणतात. योजना कोणी सुरू केली हे त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असावे अशी अपेक्षाही नाही.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की अधिकृत प्रतिमेचा एक नियम हाती लागतो. ज्या न्यासाने अंतुल्यांना घालवले त्याच्या दारावर त्यांचे नाव नव्हते. ज्या योजनेने त्यांना दुवा मिळाला असता तिच्या कागदावरही त्यांचे नाव नाही. दोन्हीकडे वरच्या घराण्याचे नाव. निर्णय घेणारा चौकटीबाहेर आणि चौकटीत दुसराच, ही आपल्या सार्वजनिक भिंतीची जुनी सवय आहे. त्यामुळे भिंत पाहून कारभाराचा हिशेब लागत नाही. कोणी काय केले याचे श्रेयही कळत नाही आणि जबाबदारीही कळत नाही.

अंतुल्यांचे पुढे काय झाले? १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, त्यांचा खटला उच्च न्यायालयात चालवण्याचा आधीचा आदेशच चुकीचा होता, असे ठरवले. १९९५ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार मंत्री झाले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. हा प्रवास त्यांच्या एकट्याचा नाही. शिवाजीराव पाटील-निलंगेकर १९८६ मध्ये, मनोहर जोशी १९९९ मध्ये, अशोक चव्हाण २०१० मध्ये आरोपांच्या किंवा न्यायालयीन ताशेऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मुख्यमंत्रिपदावरून गेले. आरोप वेगवेगळे होते, त्यांचा शेवटही सारखा झाला नाही. परंतु पुढे निलंगेकर राज्यात पुन्हा मंत्री झाले, जोशी लोकसभेचे अध्यक्ष झाले, चव्हाण पुन्हा मंत्री झाले.

याचा अर्थ असा, की नामुष्कीलाही ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असते. पायउतार होण्याच्या दिवशी जो माणूस भिंतीवरून उतरवण्याच्या लायकीचा ठरतो, तोच काही वर्षांनी उद्घाटनाच्या फितीसमोर उभा असतो. तसबीर काढणारा कर्मचारी या चक्राला ओळखून असतो. म्हणून तो ती फेकत नाही, कपाटावर ठेवतो. ते त्याचे शहाणपण आहे, पण भिंतीचे अपयश आहे.

५

हा पेच दुसऱ्यांनी कसा हाताळला, तेही पाहण्यासारखे आहे.

तमिळनाडूच्या विधानसभेत थोरांच्या तसबिरी आहेत : तिरुवळ्ळुवर, गांधीजी, राजाजी, पेरियार, आंबेडकर, कामराज, अण्णादुराई, एमजीआर अशी ती परंपरा. जयललितांना बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दोषी ठरवले. मे २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायालयाचा निकाल कायम केला. जयललिता हयात नसल्यामुळे त्यांच्यापुरता खटला मात्र संपुष्टात आला. कायद्याच्या भाषेत त्या दोषीही नव्हत्या आणि निर्दोषही नव्हत्या. जवळपास एका वर्षाने, १२ फेब्रुवारी २०१८ रोजी, सभागृहात त्यांच्या तैलचित्राचे अनावरण अध्यक्षांच्या हस्ते झाले. द्रमुकने बहिष्कार घातला, काँग्रेसनेही घातला. २०२१ मध्ये सत्ता पालटली, करुणानिधींचे तैलचित्र राष्ट्रपतींच्या हस्ते लागले आणि या वेळी बहिष्कार घालण्याची पाळी अण्णाद्रमुकची होती.

इथे वाद का झाला? ती भिंत क्रमाची नव्हती. सगळ्या मुख्यमंत्र्यांची चित्रे ओळीने असती तर जयललितांचे त्यांत असणे ही नुसती वस्तुस्थिती ठरली असती. निवडक थोरांच्या ओळीत त्यांना बसवले, म्हणून ते विधान झाले.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात उलटे घडले. तिथल्या राजभवनात माजी गव्हर्नरांची चित्रे ओळीने असतात, म्हणजे भिंत क्रमाची होती. स्पायरो अॅग्न्यू १९६७ ते १९६९ तिथे गव्हर्नर होते, पुढे निक्सन यांचे उपाध्यक्ष झाले आणि करचुकवेगिरीच्या आरोपावर १९७३ मध्ये पायउतार झाले. १९७९ मध्ये गव्हर्नर हॅरी ह्यूज यांनी त्यांचे चित्र काढले. सोळा वर्षांनी, १९९५ मध्ये, गव्हर्नर ग्लेंडनिंग यांनी ते परत लावले. इतिहास बदलणे आपले काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. भूमिका रास्त आहे. पण परत लागलेले नुसते चित्र तरी काय सांगते? तेच वळलेले तोंड, तोच पडदा. पाहणाऱ्या मुलाला त्यातून सन्मानच दिसणार.

मला सर्वांत नेमके उत्तर वाटते ते सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या व्हेनिसमधल्या प्रकरणातले. व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे दोजे, मारीनो फालिएरो याने आपल्याच प्रजासत्ताकाविरुद्ध कट केला आणि १३५५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तिथल्या राजवाड्याच्या महासभेच्या दालनात छताखाली दोजांची चित्रे ओळीने आहेत. फालिएरोच्या जागी चेहरा नाही. काळा पडदा रंगवला आहे आणि त्यावर, ही जागा त्याची आहे आणि गुन्ह्यांबद्दल त्याचा शिरच्छेद झाला, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर आहे. त्यांनी जागा ठेवली, मान काढून घेतला आणि कारण लिहिले. रिकामा खिळा आणि कपाटावरची चौकट यांत नेमके हे तिसरे काम राहून जाते.

६

कारण लिहिले नाही तर काय होते, याचा पुरावा शिरूरातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे कंपनी सरकारची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला आणि इथेच पुरला गेला. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद वाचताना मी थबकलो. लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत. आसपासच्या गावांतले शेतकरी सुगीच्या वेळी त्याच्या थडग्याला धान्य वाहत. परक्या फौजेचा एक अधिकारी पाऊणशे वर्षांत गावाचा रखवालदार देव झाला. तो कोण होता, कोणाच्या नोकरीत होता, कशासाठी इथे आला होता, हे सारे गळून गेले आणि दगड उरला. दगड उरला की आपण त्याला नारळ फोडतो.

उलट उदाहरणही जवळच आहे. तालुक्याच्या वेशीवर, भीमेच्या काठी, कोरेगावचा स्तंभ आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती शिरूरहूनच. स्तंभ कंपनीने उभारला तो स्वतःच्या विजयाची खूण म्हणून. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली होती. त्या नावांमुळेच १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे आले तेव्हा उभारणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच दगडातून वाचता आला. अक्षरे होती म्हणून पुढच्या पिढीला प्रश्न विचारता आले. वॉलेसच्या बाबतीत अक्षरे लोकांपर्यंत पोचली नाहीत, म्हणून फक्त नैवेद्य उरला.

तसबिरीच्या वादात दोन्ही बाजू चित्राबद्दल भांडतात. अक्षरांबद्दल कोणी बोलत नाही. माझा आग्रह अक्षरांचा आहे. क्रमाच्या भिंतीवरून कोणाचीही तसबीर काढू नये. पण तिथल्या एकाही तसबिरीला हारही घालू नये. चौकटीखाली नाव, पासून, पर्यंत, आणि पद कशामुळे सुटले हा चौथा रकाना असावा : मुदत संपली, निधन झाले, बहुमत गेले, अमुक न्यायालयाच्या अमुक तारखेच्या निकालानंतर राजीनामा दिला. पुढे वरच्या न्यायालयात तो निकाल फिरला तर तीही तारीख त्याखाली यावी. विशेषणे नकोत. ‘लोकनेते’ नको आणि ‘कलंकित’ही नको.

यावर पहिला आक्षेप येईल, की हा रकाना लिहिणार कोण? आजचा सत्ताधारी कालच्या विरोधकाचा सूड त्यात उगवेल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच रकान्यात मत नसावे, केवळ तारीख आणि कागद असावा. तारखेचा सूड उगवता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आपल्याकडचे बहुतेक राजीनामे ‘नैतिक जबाबदारी’ किंवा ‘पक्षश्रेष्ठींचा आदेश’ या शब्दांत येतात. न्यायालयाचा कागद बऱ्याचदा नसतोच. अशा वेळी राजीनाम्यात दिलेले कारण, तेच शब्द, लिहावेत. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असे एखाद्या धडधाकट माणसाच्या चित्राखाली पन्नास वर्षे राहिले तर वाचणाऱ्याला जे कळायचे ते कळेल.

राज्यसंस्थेला स्वतःची चूक भिंतीवर लिहिता येते, याचा दाखलाही महाराष्ट्रात आहे. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. १९५६ मध्ये त्याच न्यायालयात, त्याच दालनाशी, टिळकांनी शिक्षेपूर्वी उच्चारलेल्या शब्दांचा फलक लागला. अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केले. तिथे ना टिळकांचा खटला पुसला गेला, ना दावरांचे नाव न्यायाधीशांच्या यादीतून खोडले गेले. निकाल ग्रंथात आहे, उत्तर भिंतीवर आहे. वाचणाऱ्याने दोन्ही वाचावे आणि ठरवावे. ज्याला सरकारने गुन्हेगार ठरवले त्याला मान देताना हे साधले. ज्याला आपण मान दिला तो गुन्हेगार ठरतो तेव्हाही साधायला हवे.

माझ्या दृष्टीने यात खरे पणाला लागलेले असते ते त्या पुढाऱ्याचे नाव नव्हे. त्याची माणसे त्याच्यासाठी कुठे ना कुठे पुतळा उभा करतीलच. प्रश्न समोरच्या बाकावर बसलेल्याचा आहे. शाळेच्या दाखल्यासाठी बापाबरोबर आलेली सातवीतली मुलगी कंटाळून भिंत वाचायला लागते. तिला तिथे एक तर सगळेच थोर दिसतात, नाही तर एक रिकामा चौकोन दिसतो. दोन्हींतून ती शिकते ते हेच, की सत्तेवर असलेल्यांचा हिशेब नसतो. असतो तो हार किंवा मौन. त्याच खोलीत, दाराशेजारी, पेंटरने रंगवलेला एक फळा टांगलेला आहे. त्यावर चांगले-वाईट सगळे एका उंचीच्या अक्षरांत आहेत, प्रत्येकाची सुरुवात आहे आणि प्रत्येकाचा शेवट आहे. तो फळा कोणाला नवस बोलत नाही आणि कोणाला शिव्याही देत नाही. त्यावर एक रकाना वाढवायचा आहे, आणि जागा अजून शिल्लक आहे.